देशावरचं कर्ज आणि घसरता बाजार: ४८ लाखांची मांडणी बदलू का?

अशोकचौक_टॉवेल

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय नेमकं उत्तर मिळत नाही, म्हणून सगळं मांडतो.

वय ५२, सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, बराचसा माल निर्यातदारांकडं जातो. धंद्याचं खेळतं भांडवल वेगळं आहे, ते यात धरू नका. घरखर्च महिना ५० हजार. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला दीड वर्षात ६ लाख लागणार. बचत अशी:

म्युच्युअल फंड १८ लाख (निफ्टी निर्देशांक फंड ११, लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत गुंतवणारा फ्लेक्सीकॅप ७), एसआयपी महिना १५ हजार
थेट शेअर ९ लाख, त्यातले ४ लाखांचे एमटीएफवर, म्हणजे दलालाकडून उसने पैसे घेऊन घेतलेले. दलालाचं देणं २.५ लाख, व्याज १४ टक्के
गिल्ट फंड (सरकारी रोख्यांत पैसे लावणारा) ४ लाख, २०२३ च्या दिवाळीत घेतला
पतसंस्थेत ठेव ८ लाख, ११ टक्क्यांनी
एका नागरी सहकारी बँकेत एफडी ९ लाख, एकट्याच्या नावावर

दोन आठवडे झाले, बाजार रोज पडायलाय. त्यात वाचतो की अमेरिकेचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढं गेलं, आपल्या केंद्राचं जीडीपीच्या ५६ टक्के आहे, महाराष्ट्राचं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ९.३२ लाख कोटी. मला चार गोष्टी कळत नाहीत. एवढं कर्ज असताना शेअर आत्ताच विकून मोकळं व्हावं का? सरकारच कर्जात आहे तर सरकारी रोखे सुरक्षित कसे? गिल्ट फंड सुरक्षित म्हणून घेतला होता, तोही मधेच खाली का जातो? आणि एसआयपी थांबवू का?

रोखेवाचक

दादा, आधी कर्जाचं बघू. तुमची भीती निराधार नाही, फक्त तुम्ही चुकीच्या आकड्याकडं बघताय.

केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात निव्वळ व्याज १२.७६ लाख कोटी. म्हणजे खर्चाच्या रुपयातले २५ पैसे. वर्तमानपत्रात जो रुपयाचा गोल छापतात त्यात व्याजाला २० पैसेच दिसतात, कारण त्या गोलात राज्यांना जाणारा करांचा वाटाही धरलेला असतो आणि एकूण रक्कम फुगते. पण खरा ताण बघायचा असेल तर खर्चाशी नाही, जमेशी ताडा. महसुली जमा ३४.२० लाख कोटी. शंभर रुपये आले की ३७ रुपये मागच्या कर्जाच्या व्याजाला आधीच गेले. रस्ते, शाळा, संरक्षण सगळं उरलेल्या ६३ मध्ये आणि नव्या कर्जात. हा आकडा जड आहे, तो हलका करून सांगण्यात अर्थ नाही.

आता जड असणं आणि बुडणं यातला फरक. एखादा देश कर्जानं बुडतो तेव्हा बहुतेक वेळा कर्ज परक्या चलनात असतं. १९९१ साली आपल्याकडं दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते आणि रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं गहाण टाकायला परदेशी पाठवावं लागलं. ती अडचण डॉलरची होती. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं हात वर केले तेही परकीय कर्जाच्या बाबतीत. डॉलर कोलंबोत छापता येत नाही.

आपल्या केंद्र सरकारचं बहुतांश कर्ज रुपयात आणि देशातल्या देशातच आहे. देणारे कोण? बँका, कारण ठेवींच्या १८ टक्के रक्कम एसएलआर म्हणून मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. मग विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. तुमच्या युनिटमधल्या कामगाराच्या पगारातून पीएफ कापला जातो, त्यातला मोठा हिस्सा सरकारी रोख्यातच जातो. त्यामुळं रुपयातला रोखा सरकार वेळेवर फेडेल का, हा प्रश्न मला भेडसावत नाही. फेडलेल्या रुपयात काय येईल, हा भेडसावतो. महागाई ६ टक्के राहिली तर १२ वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. हप्ता चुकत नाही, रुपया झिजतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर: रोखा बुडण्यापासून सुरक्षित, झिजण्यापासून नाही. म्हणून सगळा पैसा तिकडं नेणं ही सुरक्षितता नव्हे.

कर्जाचा शेअरशी संबंध येतो तो व्याजदरातून. समजा निफ्टीचा पीई, म्हणजे भाव भागिले वर्षाचा नफा, २२ आहे. म्हणजे १०० रुपयांच्या शेअरमागं कंपन्यांचा नफा साडेचार रुपये. सरकारी रोखा साडेसहा देत असताना लोक साडेचार का पत्करतात? पुढं नफा वाढेल या आशेवर. आता सरकारला जास्त उधार घ्यायचंय, रोखा साडेसात द्यायला लागला, तर तोच माणूस शेअरकडून निदान पाच मागतो. पीई २० होतो आणि कंपन्यांचा एक रुपयाही नफा कमी न होता भाव ९ टक्के उतरतो. घसरण अशी येते. शेअर शून्य होत नाहीत, त्यांचं मोल नव्या व्याजदरानं पुन्हा मोजलं जातं.

अमेरिकेचं कर्ज आपल्याला लागतं ते याच वाटेनं. तिथला १० वर्षांचा रोखा ऑक्टोबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांना टेकला. घरबसल्या डॉलरमध्ये ५ टक्के मिळत असतील तर परदेशी संस्था मुंबईतले शेअर विकून परत जातात, शेअरही पडतो आणि रुपयाही. २०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी मध्यवर्ती बँकेनं रोखेखरेदी आवरती घेण्याचा नुसता सूर लावला आणि मे ते ऑगस्टमध्ये डॉलर ५५-५६ वरून ६८ च्या वर गेला.

पण "अमेरिकेचं रेटिंग उतरलं, विका" या बातमीवर हलू नका. ५ ऑगस्ट २०११ ला एस अँड पी या पतमापन संस्थेनं अमेरिकेचा एएए हा सर्वोच्च दर्जा काढला. पुढच्या सोमवारी तिथला शेअर निर्देशांक ६.७ टक्के पडला. मात्र ज्या सरकारी रोख्यांचा दर्जा उतरला होता तेच लोकांनी घाबरून आणखी विकत घेतले आणि त्यांचे भाव वाढले. फिचनं २०२३ मध्ये, मूडीजनं मे २०२५ मध्ये तेच केलं. आपल्याकडं उलट, ऑगस्ट २०२५ मध्ये एस अँड पीनं भारताचा दर्जा एक पायरी वाढवून बीबीबी वजावरून बीबीबी केला. यातल्या एकाही तारखेवर तुमच्या घरचा निर्णय ठरायला नको.

वर्षातून दोनदा तीन गोष्टी बघा: व्याज भागिले महसुली जमा (अर्थसंकल्पाच्या "दृष्टिक्षेपात" पुस्तिकेत पहिल्या काही पानांतच मिळतं), १० वर्षांच्या रोख्याचा परतावा, आणि कर्जातला परकीय हिस्सा वाढतोय का. पहिला ३७ वरून ४५ कडं निघाला आणि दुसरा वर्षभरात दीड-दोन टक्के चढला, तर काळजी खरी.

नवीपेठ_हिशोब

कर्जाचं वर नीट आलंय. मी तुमच्या मांडणीवर बोलते, कारण देशाच्या कर्जाआधी मला तुमचंच अडीच लाखांचं कर्ज दिसलं.

पहिली दुरुस्ती: तुमच्याकडं ४८ लाख नाहीत, ४५.५ आहेत. दलालाचं देणं वजा करा. आणि ते सगळ्यात आधी संपवा, बाकी सगळं नंतर. १४ टक्क्यांनी अडीच लाखांचं व्याज वर्षाला ३५ हजार, रोजचे ९६ रुपये, बाजार बंद असला तरी. त्याहून वाईट म्हणजे विकायचं की नाही हे तुमच्या हातात राहत नाही. चार लाखांच्या शेअरमध्ये तुमचे दीड, दलालाचे अडीच. शेअर २० टक्के पडला की किंमत ३.२० लाख, दलालाचे अडीच तसेच, तुमचे उरले ७० हजार. म्हणजे तुमची निम्म्याहून जास्त रक्कम गेली. आता त्या शेअरला ३० टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा हिस्सा, लागत असेल तर ३.२० लाखांवर ९६ हजार हवेत, तुमचे ७० आहेत, २६ हजारांचा तगादा येणार. भरले नाहीत तर दलाल त्या दिवशीच्या पडलेल्या भावानं स्वतः विकतो. लांब मुदतीचा गुंतवणूकदार नेमका तळाला बाहेर फेकला जातो तो असा. देशाचं कर्ज जीडीपीच्या किती टक्के आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो.

म्हणून एमटीएफवरचे ते चार लाखांचे शेअर विकून टाका. अडीच दलालाला, साधारण दीड लाख तुमच्या खात्यात. तोटा होत असेल आणि वर्ष झालं नसेल तर तो अल्पमुदतीचा भांडवली तोटा. तो अल्पमुदतीच्या नफ्यातूनही वजा होतो आणि दीर्घमुदतीच्या नफ्यातूनही. उरला तर पुढची ८ वर्षं ओढता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेलं पाहिजे. एक दिवस उशीर झाला की पुढं ओढायचा हक्क गेला. हे दरवर्षी कितीतरी लोक गमावतात.

आता पतसंस्था. इथं मी जरा जोरात बोलते, कारण आपल्याकडं पेठापेठांत पतसंस्था आहेत आणि लोक त्यांना बँकच समजतात. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, रिझर्व्ह बँकेच्या नाही. ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं ५ लाखांचं कवच तिला लागू नाही. शून्य. मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. चांगल्या चाललेल्या संस्था आहेतच, पण तुमची संस्था त्यातली आहे का हे ११ टक्के व्याजावरून कळत नाही. वार्षिक सभेचा अहवाल मागा. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता, निव्वळ एनपीए (थकलेली कर्जं) किती, आणि दिलेल्या कर्जात संचालक व त्यांच्या नातेवाइकांचं किती, एवढं बघा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. तुम्हाला सरकारी रोख्याची भीती वाटते आणि ८ लाख बिनविम्याच्या ठेवीत आहेत, हे उलटं झालंय, मालक.

मुदत तीन-चार महिन्यांत संपत असेल तर थांबा, आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर आजच लेखी रद्द करा आणि पोच घ्या. मुदत लांब असेल तर मुदतपूर्व काढल्यावर व्याज किती कापतात ते विचारा. एक-दोन टक्के जात असतील तरी मी काढायला सांगेन.

नागरी बँकेला विमा आहे, पण ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज मिळून, एका ठेवीदाराला एका बँकेत. शाखा बदलून मर्यादा वाढत नाही. तुमच्या ९ लाखांतले ४ लाखांहून जास्त उघडे आहेत. तिथं साडेचार लाख ठेवा, म्हणजे व्याज धरून पाचाच्या आत राहाल. उरलेले साडेचार काढा. त्याच बँकेत ठेवायचेच असतील तर पत्नीबरोबरचं संयुक्त खातं वेगळं धरलं जातं, त्याला स्वतंत्र ५ लाखांची मर्यादा मिळते. आणि विमा आहे म्हणून पैसे लगेच मिळतात असं नाही. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद २०२१ पासून आहे. कॉलेजच्या फीची तारीख मात्र ९० दिवस थांबत नाही.

आता जोडा. बँकेतून साडेचार, एमटीएफमधून दीड, झाले ६ लाख. मुलीच्या शिक्षणाचे पैसे तयार, एकही म्युच्युअल फंड न विकता. ते शेअरमध्ये किंवा गिल्ट फंडात ठेवू नका. ट्रेझरी बिल (सरकारचा वर्षाच्या आतल्या मुदतीचा रोखा) किंवा दुसऱ्या मोठ्या बँकेची एफडी.

पतसंस्थेतून येणाऱ्या ८ लाखांतले ६ लाख वर्षभराच्या घरखर्चासाठी बाजूला, दोन बँकांत विभागून. नोकरदाराला मी सहा महिने सांगते, तुम्हाला बारा. कारण तुमचं उत्पन्न आणि तुमचे शेअर एकाच कारणानं पडू शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं, अशा निर्णयाचा घाव टॉवेलच्या ऑर्डरींवर आणि शेअर बाजारावर एकाच वेळी बसतो. ज्या महिन्यात माग अर्धे उभे असतील त्याच महिन्यात पोर्टफोलिओ लाल असेल. तेव्हा फंड विकावा लागू नये, एवढ्यासाठी हे बारा महिने.

उरलेले २ लाख रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बचत रोख्यात टाकता येतील. सात वर्षांची मुदत, व्याज सहामाही, दर एनएससीपेक्षा (पोस्टाचं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र) ०.३५ टक्के जास्त, १ जानेवारी आणि १ जुलैला नव्यानं ठरतो. एनएससी ७.७ असताना तो ८.०५ होतो. देशाचं कर्ज वाढून व्याजदर चढले तर तुमचं व्याजही चढतं, म्हणून तुमच्या काळजीला हा रोखा बरोबर लागू पडतो. मात्र साठीच्या आत मुदतपूर्व मोडता येत नाही, तारणही ठेवता येत नाही. सात वर्षं विसरता येतील तेवढेच टाका.

बाळीवेस

दोघांचं पटतं, एक बाजू राहिली ती सांगतो. "बाजार नेहमी सावरतो" हे तारखा न देता सांगू नये.

सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २०,८७३ वर बंद झाला होता, ९ मार्च २००९ ला ८,१६०. म्हणजे ६१ टक्के घसरण. जुन्या शिखराच्या वर तो टिकून गेला तो २०१३ च्या शेवटी. जवळजवळ सहा वर्षं. २०२० मध्ये निफ्टी १२,३६२ वरून ७,६१० वर आला आणि नोव्हेंबरात परत शिखरावर, दहा महिन्यांत. सप्टेंबर २०२४ च्या २६,२१६ वरून मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२,०८३, म्हणजे १६ टक्के. तिन्ही वेळा घसरण, पण थांबायचा काळ किती वेगळा. आणि जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता, तो आकडा पुन्हा ओलांडला २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं.

जपानचं उदाहरण लोक कर्जाच्या भीतीसाठी देतात, ते उलटं आहे. १९९० च्या सुमारास जपान सरकारचं कर्ज जीडीपीच्या मानानं आजच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होतं. आधी बाजार आणि जमिनीचे भाव कोसळले, मग अर्थव्यवस्था उचलायला सरकारनं कर्ज काढत नेलं. बुडवलं ते अफाट चढलेल्या भावानं. म्हणून कर्जापेक्षा आपण काय भावानं घेतोय ते बघा.

निफ्टीचा पीई बघताना एक खड्डा आहे. २०२१ च्या मार्चअखेरपर्यंत एनएसई तो एकट्या कंपनीच्या नफ्यावर काढायची, त्यानंतर उपकंपन्या धरून एकत्रित नफ्यावर. म्हणून जुन्या तक्त्यातला ४० आणि आताचा २२ शेजारी ठेवून "बाजार निम्म्यानं स्वस्त झाला" म्हणणं चूक. २०२१ नंतरचेच आकडे एकमेकांशी लावा.

माझा आग्रह एवढाच: ५२ वय, साठीला धंदा आवरायचा विचार असेल तर आठ वर्षं हातात आहेत. पुढच्या सहा-सात वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये नको, २००८ चा हिशोब तेच सांगतो. बाकीचा राहू द्या. दहा टक्क्यांपर्यंत सोनं ईटीएफमधून (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) घ्या, दागिन्यातून नाही. दागिन्याला ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ, ती विकताना परत मिळत नाही. सार्वभौम सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही.

अशोकचौक_टॉवेल

सगळ्यांचे आभार. पतसंस्थेच्या ठेवीला विमा नाही हे खरंच माहीत नव्हतं. मुदत सव्वातीन महिन्यांनी संपते, उद्याच नूतनीकरण रद्द करायचं पत्र देतो. एमटीएफचंही पटलं. दोन गोष्टी राहिल्या. गिल्ट फंडाचं कोडं आणि ट्रेझरी बिल घ्यायचं कसं? नेहमीच्या शाखेत विचारलं तर एफडीच करा म्हणाले.

रोखेवाचक

गिल्टचं कोडं एका रोख्यावर सोडवू. दर्शनी किंमत १०० रुपये, व्याज ७ टक्के, मुदत १० वर्षं. बाजारातला दर ८ झाला. आता नवा रोखा ८ देतो, मग तुमचा ७ वाला शंभराला कोण घेईल? तो ९३ रुपये २० पैशांना जातो. तोच रोखा ३० वर्षांचा असता तर ८८ रुपये ७० पैसे. ३६४ दिवसांचं बिल असतं तर जेमतेम रुपयाभराचा फरक. सरकार तेच, हमी तीच. फरक मुदतीचा.

गिल्ट फंड अशा लांब मुदतीच्या रोख्यांची गाठोडी धरून असतो आणि त्यांचा रोजचा बाजारभाव एनएव्हीत, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या भावात, उतरतो. फंडाच्या मासिक पत्रकात "मॉडिफाइड ड्युरेशन" अशी ओळ असते. तिथं ८ लिहिलं असेल तर दर १ टक्का चढल्यावर सुमारे ८ टक्के घट, तुमच्या चार लाखांत ३२ हजार. दर उतरले तर तेवढीच वाढ. पुढची आठ-दहा वर्षं लागणार नसतील तर ठेवा, चढ-उतार भरून निघतो. तीन वर्षांत लागणार असतील तर फंड चुकीचा निवडलाय, कमी मुदतीच्या फंडात न्या. १ एप्रिल २०२३ नंतर घेतला असल्यानं नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याच्या दरानंच कर लागेल, त्यामुळं कर वाचवायला थांबण्यात काही नाही.

थेट रोखा मुदतीपर्यंत धरला तर मधल्या भावाशी देणंघेणं नाही. नावातच सगळं असतं. "६.३३ जीएस २०३५" म्हणजे ६.३३ टक्के व्याज, २०३५ ला परतफेड. १० हजार दर्शनी किमतीवर दर सहा महिन्यांनी ३१६ रुपये ५० पैसे, ५ नोव्हेंबर आणि ५ मे ला बँकेत जमा, टीडीएस न कापता. कर मात्र विवरणपत्रात तुम्हीच दाखवायचा.

ट्रेझरी बिलासाठी शाखेत जायचं कामच नाही. रिझर्व्ह बँकेचं "रिटेल डायरेक्ट" संकेतस्थळ आणि ॲप आहे, खातं फुकट. पॅन, आधारशी जोडलेला मोबाइल, ईमेल, बचत खात्याचा तपशील आणि नॉमिनी लागतो. ओळख पडताळणी व्हिडिओवर होते. त्या वेळी मूळ पॅन कार्ड हातात ठेवा, झेरॉक्स चालत नाही. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावाच्या फरकावर. पॅनवर पूर्ण मधलं नाव आणि बँकेत नुसतं आद्याक्षर असेल तर आधी बँकेत दुरुस्त करून घ्या, मगच अर्ज भरा.

ट्रेझरी बिल ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची. लिलाव साधारण बुधवारी, पैसे दुसऱ्या दिवशी लागतात. किमान १० हजार, पुढं १० हजारांच्या पटीत. तुम्ही दर बोलायचा नसतो. "बिगरस्पर्धात्मक" बोली लावता आणि मोठ्या बँकांच्या बोलींतून ठरलेला सरासरी भाव तुम्हाला मिळतो. व्याज वेगळं येत नाही, कमी किमतीत घेऊन पूर्ण किंमत परत मिळते. परतावा ५.६ टक्के धरला तर एक लाखाचं ३६४ दिवसांचं बिल साधारण ९४,७११ रुपयांना पडेल आणि मुदतीला लाख जमा होतील.

बोलीच्या वेळी यूपीआयनं रक्कम अडवून ठेवली जाते किंवा नेटबँकिंगनं भरता येते. लिलावाआधी भाव माहीत नसल्यानं थोडी जास्त रक्कम घेतात, फरक परत येतो. बुधवारी सकाळी शेवटच्या तासाला बोली लावू नका. बँकेचा सर्व्हर अडला की बोली रद्द आणि आठवडा गेला. मंगळवारी रात्री उरकून टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बिलांसाठी आपोआप बोलीची सोय जाहीर केलीय, मुदत संपल्यावर तीच रक्कम पुन्हा गुंतवता येते. तुमच्या बाबतीत ती सोय सुरू करू नका, फीच्या वेळी पैसे पुन्हा अडकतील.

दीड वर्षाला बिल जुळवायचं तर आज ३६४ दिवसांचं घ्या आणि ते संपल्यावर १८२ चं. दुसऱ्या वेळी तेव्हाचा दर मिळेल, थोडा कमी-जास्त. ते नको असेल तर निम्मी रक्कम दीड वर्षाच्या एफडीत. मुदतीआधी विकायची सोय रिटेल डायरेक्टवर आहे, पण छोट्या रकमेला गिऱ्हाईक चटकन मिळत नाही, मिळालं तर भाव पाडून मागतं. विकावं लागेल असं धरून घेऊ नका.

विजापूररोड

एसआयपीचं उत्तर राहिलं. थांबवू नका. १५ हजार महिना म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. बाजार ३० टक्के पडला तर त्याच हप्त्यात ४३ टक्के जास्त युनिट येतात. पण धंद्यात महिना तंग गेला तर हप्ता चुकू देऊ नका. शिल्लक नसताना हप्ता परत गेला की बँक दंड लावते आणि लागोपाठ तीनदा गेला की फंड कंपनी एसआयपीच बंद करते. आधीच "पॉज" टाका. बऱ्याच फंडांत एक ते तीन महिन्यांची सोय असते, हप्त्याच्या आठ-दहा दिवस आधी विनंती द्यावी लागते.

घाबरून विकायचा मोह होईल त्या दिवसासाठी एवढं लक्षात ठेवा. निर्देशांक १० टक्के पडला आणि दुपारी १ च्या आत पडला तर बाजार ४५ मिनिटं थांबतो. १५ टक्क्यांवर, तोही १ च्या आत, पावणेदोन तास. २० टक्क्यांवर दिवसभर बंद. म्युच्युअल फंड विकताना समोर दिसतो तो भाव तुम्हाला मिळतच नाही. दुपारी ३ च्या आत विनंती गेली तर त्या दिवसाच्या बंद भावावरची एनएव्ही लागते आणि पैसे दोन कामकाजी दिवसांनी येतात. १३ मार्च २०२० ला निफ्टी उघडताच १० टक्के पडून व्यवहार थांबले आणि त्याच दिवशी ३.८ टक्के वर बंद झाला. २३ मार्चला पुन्हा १० टक्क्यांवर थांबला आणि शेवटी १३ टक्के खाली बंद झाला. दोन्ही सकाळी पडद्यावर एकच चित्र होतं, आणि सकाळी दहाला विकायचं बटण दाबणाऱ्याला संध्याकाळी काय भाव मिळणार हे दोन्ही दिवशी कुणालाच माहीत नव्हतं.

थेट शेअर विकायचेच असतील, तुमच्या एमटीएफचे विकायचे आहेत तसे, तर पडत्या दिवशी "मार्केट" (मिळेल त्या भावाला विका अशी) ऑर्डर टाकू नका. छोट्या कंपनीच्या शेअरला खाली गिऱ्हाईकच नसतं आणि सौदा तीन-चार टक्के खाली होऊन जातो. "लिमिट" (ठरवलेल्या भावाखाली विकू नका अशी) लावा. सकाळी सव्वानऊ ते पावणेदहा सोडा, भाव जरा स्थिरावू द्या. विकल्यावर पैसे जमा झाले की दलालाकडचा लेजर, म्हणजे खातेउतारा उघडून एमटीएफची बाकी शून्य झाली का बघा. शेअर विकले तरी विक्रीचे पैसे जमा होईपर्यंत एक दिवसाचं व्याज लागतं, आणि ते खात्यात उणे राहिलं तर त्या उण्यावर पुन्हा व्याज चालू राहतं. शंभर-दोनशे रुपयांची ही बाकी पुष्कळांच्या खात्यात महिनोन्‌महिने लोंबकळत असते. ती भरून मगच दलालाला एमटीएफची सोय बंद करायची विनंती टाका.